घरचं सॅलड ड्रेसिंग फ्रिजमध्ये असूनही का बिघडतं? कारणं, ओळख आणि उपाय

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. रविवारी सवडीने बाटलीभर ड्रेसिंग केलं, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि बुधवार-गुरुवारी झाकण उघडलं तर वास बदललेला, वर बारीक फेस, बाटलीच्या गळ्याशी पांढुरके ठिपके. तेल चांगलं होतं, व्हिनेगरची बाटली नवी होती, फ्रिजही चालू होता. मग व्हिनेगर वाढवून, मीठ वाढवून पुन्हा केलं, तरी पुढच्या आठवड्यात तेच.

ड्रेसिंग किती दिवस टिकणार हे तेल किंवा व्हिनेगर ठरवत नाही. त्यात पडलेली सगळ्यात ओली आणि सगळ्यात कमी आंबट वस्तू ते ठरवते. तेल-व्हिनेगर-मीठ-मिरपूड एवढंच असेल तर बाटली दोन आठवडे सहज राहते. त्याच बाटलीत मूठभर धुतलेली कोथिंबीर गेली की मुदत कोथिंबिरीची, दही गेलं की दह्याची, लसूण गेला की लसणाची. म्हणून दुरुस्ती करताना आधी बाटलीत नक्की काय काय आहे ते लिहून काढा. अर्ध्या वेळा कारण त्या यादीतच सापडतं.

वासावरून आणि दिसण्यावरून कारण ओळखणं

मराठीत बिघडण्याला एकच शब्द नाही, आणि इथे ते फार उपयोगाचं आहे. खवटणं, आंबणं, बुरा धरणं, तार सुटणं ही चार वेगवेगळी बिघाडं आहेत आणि चारींची कारणंही वेगळी.

खवट वास म्हणजे तेल उजेडात, उष्णतेत हवेशी संयोग पावून बिघडलं. वास जुन्या फरसाणाच्या पिशवीसारखा किंवा भिंतीच्या ऑइलपेंटसारखा येतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला घशाशी बोचतो. शंका आली तर तळहातावर दोन थेंब तेल चोळा आणि हात गरम झाल्यावर हुंगा. थंड तेलात लपलेला खवटपणा लगेच कळतो. यात जंतूंचा हात नसतो, त्यामुळे व्हिनेगर वाढवून फरक पडत नाही. दोष मूळ तेलात असतो. गॅसशेजारी पारदर्शक बाटलीत ठेवलेलं तेल लवकर खवटतं. जवसाचं तेल सगळ्यात नाजूक, ते फ्रिजमध्येच ठेवायचं. करडईचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवटतं. लाकडी घाण्याचं तेल घेत असाल तर पाच लिटरचा कॅन ड्रेसिंगसाठी वापरू नका. लहान बाटली घ्या आणि तळाचा गाळ ड्रेसिंगमध्ये येऊ देऊ नका. दाण्याचा कूट आणि तिळाचा कूटही असाच. दळल्यावर तेल उघडं पडतं, म्हणून ड्रेसिंगसाठी कूट ताजाच करा. कुबट वास येणारा किंवा काळपट-हिरवट दाणा दिसला तर तो सगळा लॉट बाजूला काढा. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही.

आंबूस वास, बुडबुडे, झाकण उघडताना फुस्स असा आवाज, किंवा फुगलेलं झाकण: यीस्ट किंवा आंबवणारे जीवाणू वाढले. साखर, मध, कांदा, फळांचा गर असलेल्या ड्रेसिंगमध्ये हे जास्त होतं. दह्याच्या ड्रेसिंगमध्ये थोडा आंबटपणा रोज वाढतोच, तो नैसर्गिक आहे. पण दारूसारखा किंवा पावासारखा वास आणि बुडबुडे दिसले की टाकून द्या.

बुरा बहुतेक वेळा ड्रेसिंगच्या आत दिसत नाही, वर दिसतो. बाटली हलवल्यावर काचेवर चढलेला थर गळ्याशी वाळतो, तिथे आधी मोहरीएवढे राखाडी-पांढरे ठिपके धरतात. मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या मागून लावला की ते स्पष्ट दिसतात. वरचा बुरा काढून उरलेलं वापरू नका. पातळ पदार्थात त्याचे धागे खोलवर गेलेले असतात. शिवाय बुरशी आम्ल खाते, म्हणजे ज्या आंबटपणाच्या भरवशावर ड्रेसिंग सुरक्षित होतं तो आंबटपणाच कमी होत जातो.

चमचा उचलल्यावर तार सुटली, दह्यात गुलाबी किंवा नारिंगी छटा आली, तर चव बघायचीही गरज नाही.

जे बिघाड वाटतं पण नसतं

याच गैरसमजापायी चांगल्या बाटल्या रिकाम्या होतात, म्हणून हेही. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरट गुठळ्या होतात आणि शेंगदाण्याचं तेल गढूळ, घट्ट होतं. पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवली की बाटली पूर्ववत होते. तेल वर आणि व्हिनेगर खाली सुटणं साहजिक आहे. हलवा आणि वापरा. लसूण व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात निळा-हिरवा झाला तर ती त्यातल्या गंधकयुक्त घटकांची आम्लाशी झालेली क्रिया आहे, अपायकारक नाही. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी शेवाळी-तपकिरी दिसते कारण आम्लामुळे हरितद्रव्य बदलतं. ती जुनी दिसते, नासलेली असतेच असं नाही. न गाळलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरच्या तळाशी जेलीसारखा पापुद्रा असतो, ती व्हिनेगरची ‘आई’. मऊ, गुळगुळीत आणि द्रवात बुडलेला पापुद्रा ठीक. पृष्ठभागावर तरंगणारा आणि लोकरीसारखा असेल तर तो बुरा.

दुसऱ्या दिवशी आलेला कडवटपणाही बहुधा निरुपद्रवी असतो. लिंबाच्या बिया मिक्सरमध्ये चिरडल्या गेल्या किंवा साल पार पांढऱ्या भागापर्यंत किसली, तर कडूपणा हळूहळू उतरतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तरी कडू लागतं. ते रवीने किंवा बाटलीत हलवूनच मिसळावं.

लसूण आणि तेल: इथे नाक उपयोगाचं नाही

वर सांगितलेली सगळी बिघाडं दिसतात किंवा वास देतात. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष दोन्ही करत नाही. तेलात ठेवलेला कच्चा लसूण बघायला सुंदर, वासाला छान, चवीला उत्तम असू शकतो आणि तरीही जीवघेणा ठरू शकतो. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जीवाणू मातीत असतो, त्यामुळे त्याचे बीजाणू (त्याची चिवट, सुप्त रूपं) लसूण, आलं, कांदा, कोथिंबिरीच्या मुळांवर येऊ शकतात. त्याला वाढायला तीन गोष्टी हव्यात: हवा नको, आंबटपणा कमी हवा (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, ४.६ च्या वर; आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट), आणि ऊब हवी. तेलात बुडलेली लसणाची पाकळी ओट्यावर ठेवली की तिन्ही मिळतात. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलामुळे ३६ जणांना बोटुलिझम झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये तसंच घडलं, आणि त्यानंतर तिथे विकायच्या लसूण-तेलात आम्ल घालणं सक्तीचं झालं.

यावर घरोघरी एकच प्रश्न येतो: आपलं लोणचं तेलात बुडून वर्षभर टिकतं, मग लसूण का नाही? प्रश्न रास्त आहे. पण लोणचं तेलामुळे टिकत नाही. ते टिकतं कैरीच्या आणि लिंबाच्या आंबटपणामुळे आणि भरपूर मिठामुळे. वरचं तेल फक्त हवा रोखतं, त्यामुळे बुरशी येत नाही. हाच हवाबंदपणा बोटुलिनमला मात्र सोयीचा. त्याला निव्वळ मिठाने थोपवायचं तर पाण्याच्या भागात सुमारे १० टक्के मीठ लागतं. तेवढं ड्रेसिंग तोंडात धरवणार नाही. म्हणजे लोणच्यातले दोन खरे रक्षक, आंबटपणा आणि मीठ, लसूण-तेलात नसतातच. उरतं फक्त तेल.

म्हणून नियम कडक ठेवा. कच्चा लसूण, आलं, हिरवी मिरची किंवा ताजी पानं निव्वळ तेलात घालून कधीही बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलं तरी चार दिवसांत संपवा, नाहीतर टाका. लसूण तेलात तळून घेतला तरी सूट नाही, कारण घरच्या तळण्याने बीजाणू मरतीलच याची खात्री नसते. लसणाची चव हवीच असेल तर खायच्या वाटीत आयत्या वेळी किसून घाला, किंवा साठवायच्या बाटलीत सुक्या लसणाची पूड वापरा.

बोटुलिझमची लक्षणं साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी त्याहून उशिरा: दोन-दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, मग अशक्तपणा मानेपासून खाली उतरत जाणं. उलटी-जुलाब असतीलच असं नाही. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, काय खाल्लं ते सांगा आणि बाटली सोबत न्या.

आंबटपणा किती हवा

इथे एक चूक वारंवार होते. तेल जास्त झालं म्हणून आंबटपणा कमी पडत नाही, कारण आम्ल पाण्याच्या भागात राहतं, तेलात नाही. आंबटपणा कमी होतो तो पाणी, दही, काकडी-टोमॅटोचा रस, कूट घातल्याने. बाजारातलं साधं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्के आम्लतेचं असतं; लेबलवर आकडा असतो, तो बघूनच घ्या. त्यात एका भागाला दोन भाग पाणी घातलं की उरतं १.३ टक्के. “जरा झणका कमी करू” म्हणून घातलेलं पाणी बाटलीची मुदत असं कमी करतं. झणका कमी करायचा असेल तर साखर किंवा तेल वाढवा. अगदी पातळच करायचं असेल तर खायच्या वाटीत करा.

तपासायचं असेल तर पीएच पट्टी वापरा, लिटमस कागद चालणार नाही. तो फक्त आम्ल आहे की नाही एवढंच सांगतो. बाटली पंधरा मिनिटं स्थिर ठेवा, तळाशी बसलेला पाण्याचा थर ड्रॉपरने ओढा आणि पट्टीवर टाका. तेल लागलेली पट्टी खोटं दाखवते. पट्टी ढोबळ असते, त्यामुळे ४.६ च्या काठावर समाधान मानू नका. ४ किंवा त्याखाली हवं.

साठवायचं मूळ ड्रेसिंग

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बाटलीत फक्त टिकणाऱ्या गोष्टी ठेवायच्या आणि बाकीच्या रोज वाटीत मिसळायच्या. प्रमाण असं: ४ टक्क्यांचं व्हिनेगर ६० मिली, तेल १२० मिली, मीठ अर्धा छोटा चमचा, साखर एक छोटा चमचा, मिरपूड पाव छोटा चमचा, आणि एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट. मोहरी लोणच्याला फेसतो तशी फेसायची, मात्र पाण्याऐवजी व्हिनेगर घालून. फेसलेली मोहरी तेल आणि व्हिनेगर धरून ठेवते, त्यामुळे ड्रेसिंग उशिरा सुटतं. आधी मीठ-साखर व्हिनेगरमध्ये विरघळवा, कारण तेलात मीठ विरघळत नाही. मग मोहरी, शेवटी तेल.

१८० मिलीमध्ये सहा जणांचं सॅलड होतं. चौघांच्या घराला आठवडाभर पुरेल म्हणून लिटरभर करू नका. लहान बाटली लवकर संपते आणि कमी वेळा उघडते.

रोज दोन मोठे चमचे वाटीत काढा आणि त्यात किसलेला लसूण, चिरलेली कोथिंबीर, पुदिना, कांदा जे हवं ते मिसळा. वाटीत उरलेलं परत बाटलीत ओतू नका. आणि बाटली संपत आली की त्यातच नवं करू नका: तळाशी उरलेलं जुनं ड्रेसिंग नव्यासाठी विरजणाचं काम करतं. घरात सगळं नीट असूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबत असेल तर आधी ही भर घालण्याची सवय तपासा.

व्हिनेगरऐवजी लिंबाचा ताजा रस घातला तर हेच मिश्रण आठवडाभर धरा. रस पुरेसा आंबट असतो, पण चव आणि वास लवकर उतरतो.

बाटली, झाकण आणि ओलावा

पुण्यातल्या तुळशीबागेत मिळणाऱ्या क्लिपच्या काचेच्या बाटल्या दिसायला छान असतात, पण त्यांच्या झाकणाची रबरी रिंग हीच बिघाडाची जागा. रिंग बोथट सुरीच्या टोकाने उचलून बाहेर काढा. खालच्या खाचेत काळपट-हिरवी, बुळबुळीत रेघ दिसली तर दर वेळी नवं ड्रेसिंग तिथूनच दूषित होत होतं. रिंग वेगळी काढून साबणाने घासा. चिरा पडल्या असतील किंवा वास जात नसेल तर बदला. काचेची बाटली गार पाण्यात ठेवून पाणी उकळा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ जाळीवर उपडी करून पूर्ण वाळवा. फडक्याने आतून पुसू नका. पावसाळ्यात बाटली रात्रभरातही वाळत नाही. तेव्हा ओव्हन १०० अंशांवर करून पंधरा मिनिटं ठेवा, नाहीतर पंख्याखाली ठेवा.

कोथिंबीर-पुदिना बाटलीत घालणारच असाल तर जुडी पाण्यात बुडवून धुवा, झटका, सुती पंचावर पसरून तासभर वाळवा आणि मगच चिरा. ते ड्रेसिंग तीन दिवसांचं. मिक्सरच्या भांड्यात पात्यांच्या खाली पाणी साचलेलं असतं, तेही उपडं करून झटका.

चमचा कोरडाच हवा, हे लोणच्याच्या बरणीने शिकवलेलं इथेही लागू. बाटलीतून ओतून घेणं त्याहून चांगलं.

फ्रिज खरंच थंड आहे का?

फ्रिजवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे; १ ते ७ ही फक्त गार करण्याची तीव्रता. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंश किंवा त्याखाली हवं. मग तोच पेला दारातल्या कप्प्यात ठेवून बघा. दार दिवसभर उघडतं-मिटतं, म्हणून तिथे आकडा जास्त येतो. बाटल्या दारात छान बसतात, पण ड्रेसिंगची जागा आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला. दह्याचं ड्रेसिंग दारात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ३८-४० वर जातो. तेव्हा फ्रिजचा आकडा वाढवा आणि आत भाजी कोंबू नका, गार हवा फिरायला जागा लागते.

पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर मूळ व्हिनेगरच्या ड्रेसिंगला काही होत नाही, पण दही, मेयोनेज, नारळाचं दूध, ताजा लसूण असलेली बाटली दोन तासांपेक्षा जास्त ४ अंशांच्या वर राहिली असेल तर ठेवू नका.

दही, अंडं, कूट

दह्याच्या ड्रेसिंगची मुदत तीन दिवस. उन्हाळ्यात चक्का रात्रभर ओट्यावर नळाला टांगला तर ड्रेसिंग करण्याआधीच तो आंबून गेलेला असतो. चक्का गाळणीत ठेवा, गाळणी पातेल्यावर आणि पातेलं फ्रिजमध्ये. वर सुटलेलं पाणी म्हणजे बिघाड नाही, ढवळून घ्या. काकडी घालायची तर किसून, मीठ लावून, पिळून घ्या आणि खाण्याआधीच घाला.

कच्च्या अंड्याचं मेयोनेज साठवू नका. साल्मोनेला हा जीवाणू अंड्याच्या आतही असू शकतो, त्यामुळे कवच धुऊन पूर्ण संरक्षण मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणाने आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली ती याच कारणाने. घरी करायचंच असेल तर पिवळा बलक लिंबाच्या रसात आणि चमचाभर पाण्यात फेटून, गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं धरून ७१ अंशांपर्यंत सतत ढवळत शिजवा, गार करा आणि मग तेल घाला. तेही तीन दिवसांत संपवा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर कच्चं अंडं नकोच. मधाचं ड्रेसिंगही एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडी लावू नका.

दाण्याच्या किंवा तिळाच्या कुटाचं ड्रेसिंग दोन-तीन दिवस, नारळाच्या दुधाचं एक दिवस.

डब्यातून नेताना

सकाळी आठला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे पाच तास. डबा गाडीच्या डिकीत आणि गाडी उन्हात उभी असेल तर आत ओव्हन होतो. दही किंवा मेयोनेज दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. डब्यासाठी मूळ व्हिनेगरचं ड्रेसिंग छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत न्या आणि पानांवर जेवताना ओता. आधी ओतलं तर लेट्यूस मीठ-आंबटामुळे पाणी सोडून लिबलिबीत होतो. दह्याचंच हवं असेल तर ऑफिसच्या फ्रिजमध्ये लगेच ठेवता आलं पाहिजे. नाहीतर डबीसोबत गोठवलेली जेल पिशवी आणि जाड अस्तराची बॅग लागेल.

टाकायची वेळ आली तर

बाटलीवर चिकटपट्टी लावून केल्याची तारीख आणि टाकायची तारीख दोन्ही लिहा. तारीख उलटली की वास चांगला असला तरी टाका, विशेषतः लसूण असेल तर. फुगलेलं झाकण चव बघायला उघडू नका. बाटली तशीच दोन पिशव्यांत गुंडाळून, घट्ट गाठ मारून कचऱ्यात द्या. सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना घालू नका, कंपोस्टच्या पिंपातही नको. सांडलं असेल तर ओटा आधी साबणाने, मग ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि फडकंही फेकून द्या. साधा बुरा धरलेली बाटली वाचवता येते: गरम पाणी-साबण, मग वर सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं उकळणं. जुनी रबरी रिंग मात्र टाकून नवी बसवा, नाहीतर पुढची बाटलीही त्याच ठिकाणाहून बुरा धरेल.